ताप कोणत्या दिवशी आला?



मागच्या पंधरवड्यात टपालातून एक जाडजूड पाकीट आलं. भिवंडी तालुक्यातल्या गणेशपुरीहून एका भगिनीनं पाठवलेलं. त्यांचं घर देवळाच्या रस्त्याला आहे. यात्रेकरूंना दोन खोल्या भाड्यानं देतात आणि कुणी आधी सांगून ठेवलं तर साधंसं जेवणही करून घालतात. पाकिटात चार पानी पत्र होतं आणि रक्ततपासणीच्या दोन कागदांच्या झेरॉक्स प्रती. पत्रातला मुख्य मजकूर असा :

“ताई, माझ्या सुनेला तिसरा महिना चालू आहे. रविवारी संध्याकाळी तिला एकाएकी हुडहुडी भरून ताप आला. डोळ्यांच्या मागे ठणका, कंबर धरलेली. सोमवारी सकाळीच मुलानं तिला नेऊन रक्त तपासून आणलं. कागदावर आलं, ‘डेंग्यू नाही’. आम्ही निश्चिंत झालो. शुक्रवारी ताप उतरला म्हणून मी देवापुढे साखर ठेवली, तर पोर जास्तच गळून गेली. पोटात दुखायला लागलं, उलट्या थांबेनात. शनिवारी इस्पितळात नेलं, तिथं पुन्हा रक्त तपासलं, तर ‘डेंग्यू आहे’. सलाईन लावलं. देवाच्या कृपेनं आता बरी आहे. पण डॉक्टरीणबाई म्हणतात, रक्त आणि लघवी मोठ्या प्रयोगशाळेत पाठवू, झिका नाही ना ते बघायला हवं. ती कोविडच्या वेळची तपासणी असते म्हणे. शेजारणी म्हणतात, हे सगळे पैसे काढायचे धंदे. मला एवढंच सांगा, पहिली प्रयोगशाळा खोटी की दुसरी? आणि दोघींतली एक खोटी असेल तर तिसरीवर विश्वास कसा ठेवायचा?”

या बाईंना मी त्याच दिवशी पोस्टकार्ड टाकलं : “डॉक्टरीणबाई सांगतात ती तपासणी करूनच घ्या, सविस्तर मागाहून लिहिते.” ते सविस्तर उत्तर आज इथे देते आहे, कारण हा घोळ काही एका गणेशपुरीच्या घरातला नाही. पावसाळा आला की दर आठवड्याला अशी दोन-तीन पत्रं येतातच.

तर बाई, दोन्ही कागद खरे आहेत!

आश्चर्य वाटलं ना? आता त्या पहिल्या कागदाकडे नीट बघा. त्यात तपासलं होतं ते ‘आयजीएम’, म्हणजे प्रतिपिंडं. विषाणू अंगात शिरला की आपलं शरीर त्याच्याशी लढायला जी हत्यारं तयार करतं, ती ही प्रतिपिंडं. पण हत्यारं काही एका रात्रीत तयार होत नाहीत. डेंग्यूत ती रक्तात दिसण्याइतकी व्हायला साधारण चार-पाच दिवस लागतात. तुमच्या सुनेला ताप येऊन पुरते चोवीस तासही झाले नव्हते, तेव्हा हत्यारं शोधली, ती सापडली नाहीत. त्यावरून लढाईच नाही असं कसं म्हणायचं? शनिवारी, म्हणजे तापाच्या सातव्या दिवशी, तीच तपासणी केली तेव्हा ती सापडली. कागद खोटा नव्हता, तपासणीचा दिवस चुकला होता. त्या प्रयोगशाळेनं ‘डेंग्यू नाही’ असं न लिहिता ‘आज आढळला नाही, पाच दिवसांनी पुन्हा तपासा’ असं लिहिलं असतं तर तुमचे चार दिवस गाफील गेले नसते. हा माझा राग मात्र मी लपवणार नाही.

मग पहिल्या चार-पाच दिवसांत करायचं काय? तेव्हा हत्यारं शोधायची नाहीत, चोरच शोधायचा. त्याचे दोन मार्ग आहेत. पहिला ‘एनएस-वन’ नावाची तपासणी. डेंग्यूचा विषाणू रक्तात एक प्रथिन सोडत असतो, ते पहिल्या दिवसापासून सापडू शकतं. ही तपासणी आता तालुक्याच्या गावीही होते. ती नकारार्थी आली तरी ताप डेंग्यूचाच असू शकतो, हे लक्षात असू द्या. दुसरा मार्ग तुमच्या डॉक्टरीणबाई म्हणतात तो, आरटी-पीसीआर. कोविडच्या साथीत, 2020 साली, हा शब्द आपल्या स्वयंपाकघरापर्यंत येऊन पोचला. तेव्हा नाकाघशात कापसाची काडी घालून नमुना घेत. इथं रक्त आणि लघवी घेतात. विषाणू निराळा, पण युक्ती तीच.

ही युक्ती मला फार आवडते, म्हणून जरा बैजवार सांगते. गणेशपुरीच्या बाईंना तर ती सांगायलाच हवी, का ते पुढे येईलच.

या विषाणूंच्या पोटात त्यांचा एक धागा असतो, आरएनए नावाचा. भिवंडीच्या यंत्रमागाच्या तालुक्यात राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको, की ताग्याच्या काठावरचा शिक्का बघून माल कुठला ते कळतं. तसंच या धाग्यावरच्या ठरावीक खुणेवरून विषाणू डेंग्यूचा, चिकनगुनियाचा की झिकाचा ते ओळखता येतं. अडचण एवढीच, की रक्ताच्या थेंबात असे धागे इतके थोडे असतात की कुठल्याही यंत्राला ते सरळ दिसत नाहीत. म्हणून आधी त्या धाग्याची डीएनए-रूपात नक्कल करतात आणि मग ती नक्कल वाढवत नेतात. एकाच्या दोन, दोनाच्या चार, चाराच्या आठ. बुद्धिबळाच्या पटावर तांदळाचे दाणे दुप्पट करत जाण्याची गोष्ट आपण लहानपणी ऐकली आहे ना, तेच हे. दहा वेळा दुप्पट केलं की एकाचे हजारावर होतात, वीस वेळा केलं की दहा लाखांवर, आणि तीस वेळा केलं की 107 कोटींवर! मग दिसायला काय अडचण? आणि खूण जुळलीच नाही तर नक्कल निघतच नाही. एकाच नळीत तिन्ही विषाणूंच्या खुणा घालून, तिघांपैकी कोण आहे ते एका दमात ओळखण्याची सोयही आता आहे.

ही दुप्पट करायची तर दर वेळी नळी तापवावी लागते, जवळजवळ 95 अंशांपर्यंत, म्हणजे पाण्याला उकळी फुटायच्या बेतात. त्याशिवाय जोडधागा सुटा होत नाही. मग निववायची, पुन्हा तापवायची. कॅरी मलिस या अमेरिकन शास्त्रज्ञाला 1983 साली ही कल्पना सुचली, तेव्हा मोठी पंचाईत होती. नक्कल करण्याचं काम जे विकर करतं ते या उष्णतेत मरून जाई. कढत दुधात विरजण लावलं तर काय होतं ते आपल्याला ठाऊकच आहे! दर फेरीला नवं विकर घालत बसावं लागे. मग ही न मरणारी चीज आली कुठून? तर गरम पाण्याच्या झऱ्यातून. अमेरिकेत यलोस्टोन नावाचं राखीव रान आहे, तिथल्या कढत झऱ्यांत आनंदानं राहणारा एक जिवाणू टॉमस ब्रॉक यांनी शोधला होता आणि 1969 साली त्याचं वर्णन छापलं होतं. त्या बिचाऱ्याचं विकर उष्णतेला दाद देत नाही. ते वापरायला लागल्यावर तपासणी सुटसुटीत झाली आणि जगभर गेली. मलिस यांना 1993 साली नोबेल पारितोषिक मिळालं.

म्हणून म्हटलं, गणेशपुरीच्या बाईंना ही गोष्ट सांगायला हवी. ज्यांच्या दारात गरम पाण्याची कुंडं आहेत, त्यांच्या सुनेच्या रक्ताची तपासणी दूरदेशीच्या अशाच एका झऱ्यातल्या जिवाच्या जोरावर व्हायची आहे. वज्रेश्वरीच्या परिसरात तर सांगतात की देवीनं मारलेल्या दैत्यांचं रक्त म्हणजे हे कढत पाणी. आता त्याच जातीच्या पाण्यातल्या विकरानं रक्तातला दैत्य सापडतो, हा योगायोग मला गमतीचा वाटला.

पण गंमत तिथंच ठेवू या, कारण पत्राच्या शेवटी एक ओळ आहे : “हाडं दुखतात म्हणून तिला चार दिवस कुंडात बसवून आणावं का?” मुळीच नको! तापातून उठलेल्या माणसाच्या अंगातलं पाणी आधीच कमी झालेलं असतं. आणि गरोदरपणात, त्यातून पहिल्या तीन महिन्यांत, कढत पाण्यात बसून अंग तापवणं बाळाला चांगलं नाही. देवदर्शन करा, कुंड बाळंतपणानंतर.

आता मुख्य गोष्ट. डेंग्यू आहे हे कळलंच आहे, मग झिकाचं कशाला? शेजारणींचा प्रश्न अगदीच वेडगळ नाही. डेंग्यू काय, चिकनगुनिया काय, झिका काय, यांपैकी कशावरही विषाणूला मारणारं औषध आज नाही. सगळ्यांना विश्रांती, भरपूर पातळ पदार्थ आणि तापाला पॅरासिटामॉल. म्हणून धडधाकट माणसाला साधा डेंग्यू झाला असेल तर पीसीआरच्या मागे धावू नका, असंच मी सांगेन. एनएस-वन, आयजीएम आणि रक्तपेशींची मोजणी एवढ्यावर भागतं. पण गरोदर बाईची गोष्ट वेगळी आहे. झिकाचा ताप इतका सौम्य असतो की लागण झालेल्या बहुतेकांना तो कळतही नाही. आईला तो फारसा त्रास देत नाही, पण पोटातल्या बाळाच्या मेंदूची वाढ खुंटवू शकतो. ब्राझीलमध्ये 2015 साली लहान डोक्याची बाळं मोठ्या संख्येनं जन्माला येऊ लागली, तेव्हा साऱ्या जगाला याची दहशत बसली आणि फेब्रुवारी 2016 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं आणीबाणी जाहीर केली.

आणि झिका काही ब्राझीलमध्येच राहिलेला नाही. पुणे जिल्ह्यात पुरंदर तालुक्यात बेलसर नावाचं गाव आहे. तिथं 2021 च्या जुलैत तापाची साथ आली. आधी पाच जणांचे नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत गेले, त्यांत तिघांना चिकनगुनिया निघाला. संस्थेची माणसं मग स्वतः बेलसर आणि परिंचे या गावांत आली, 41 जणांचं रक्त घेतलं. 25 जणांना चिकनगुनिया, तिघांना डेंग्यू, आणि एका पन्नास वर्षांच्या बाईंना झिका! महाराष्ट्रातला तो पहिला रुग्ण. त्या बाईंना चिकनगुनियाही होता, दोन्हींतून त्या बऱ्या झाल्या. विचार करा, गाव तेच, पाऊस तोच, कण्हणंही सारखंच, आणि विषाणू तीन. नाडी बघून किंवा अंगावरचं पुरळ बघून हे कुणाला कळलं असतं? पुढे 2024 च्या जूनमध्ये पुण्यात एरंडवण्यात एक डॉक्टर आणि त्यांची मुलगी यांना झिका निघाला, आणि त्या वर्षी शहरात रुग्णांचा आकडा शंभराच्या घरात गेला. त्यांत गरोदर बायका पुष्कळ होत्या. तेव्हापासून डॉक्टर गरोदर बाईच्या तापाकडे जास्त डोळसपणे पाहतात. तुमच्या डॉक्टरीणबाई धंदा करत नाहीत, काळजी घेत आहेत.

‘आयजीएम’वरच झिका का ओळखत नाहीत, असंही कुणी विचारील. तर डेंग्यू आणि झिका हे चुलतभाऊ. दोघांविरुद्धची प्रतिपिंडं इतकी सारखी असतात की एकाची दुसऱ्याच्या नावावर खपून जातात. धाग्यावरचा शिक्का मात्र फसवत नाही. आणि झिकाचा धागा रक्तातून लवकर नाहीसा झाला तरी लघवीत जास्त दिवस, साधारण दोन आठवड्यांपर्यंत, सापडू शकतो. म्हणून लघवीही मागितली. लाजू नका, द्या.

पुण्याच्या या संस्थेबद्दल आपल्याला अभिमान वाटायला हरकत नाही. 1952 साली रॉकफेलर प्रतिष्ठानाच्या मदतीनं ‘व्हायरस रिसर्च सेंटर’ म्हणून ती सुरू झाली आणि 1978 मध्ये तिला आजचं नाव मिळालं. डेंग्यू-चिकनगुनियाच्या आयजीएम तपासणीचं साहित्य तिथं तयार होऊन देशभरच्या ठरवून दिलेल्या सरकारी रुग्णालयांत जातं, आणि तिथं तपासणी फुकट होते. आपल्या जवळचं असं रुग्णालय कुठलं ते आरोग्य केंद्रात विचारून ठेवा. विचारायला पैसे पडत नाहीत.

चिकनगुनियाचं मला स्वतःलाच चांगलं ठाऊक आहे. हा आजार आपल्याकडे नवा नाही. 1973 साली बार्शीला त्याची साथ आली होती, मग तीस-बत्तीस वर्षं तो गायबच झाला आणि 2005-06 मध्ये अवचित परतला. त्या फेऱ्यात मी सापडले. कुणी काही तपासलं नाही, गावात सगळेच वाकून चालत होते! हे नावच मुळी आफ्रिकेतल्या माकोंडे भाषेतलं, आणि अर्थ ‘वाकवून टाकणारा’. मला चार महिने कणीक मळवेना. घरातली मंडळी म्हणत, “तुला वातच आहे.” तेव्हा कुणी कागदावर लिहून दिलं असतं तर निदान टोमणे तरी वाचले असते.

असो. नमुन्याबद्दल दोन शब्द, कारण इथं आपणच चुका करतो. हा विषाणूचा धागा फार नाजूक असतो, उन्हात पटकन तुटतो. रक्ताची नळी बर्फाच्या डब्यातूनच जायला हवी. “जाता जाता मुलगा देईल” म्हणून ती शर्टाच्या खिशात घालून मोटरसायकलवरून पाठवू नका. तशा नमुन्याचा निकाल ‘नाही’ आला तर त्याला अर्थ राहत नाही. नेण्याचं काम रुग्णालयाच्या माणसांनाच करू द्या, आणि चिठ्ठीवर तापाची तारीख लिहिली आहे की नाही ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा. ही तारीख इतकी महत्त्वाची, आणि नेमकी तीच कुणाला आठवत नाही. “झाले असतील तीन-चार दिवस,” असं आपण सांगतो. त्या तीन-चारांवरच कुठली तपासणी करायची ते ठरतं हो! घरात कुणालाही ताप आला की कालनिर्णयवर त्या तारखेला पेन्सिलीनं खूण करा. दुधाच्या खाड्यांच्या करतोच की नाही?

आणखी एक. पावसाळ्यातला प्रत्येक ताप विषाणूचाच असतो असं नाही. हिवताप असेल तर त्यावर नेमकं औषध आहे आणि उशीर महाग पडतो, तेव्हा हिवतापाची काच नेहमी करून घ्यावी. ताप कशाचा ते कळेपर्यंत ॲस्पिरिन, ब्रुफेन असल्या गोळ्या घरातल्या डब्यातून काढून देऊ नका. डेंग्यू असला तर त्यांनी रक्तस्राव वाढतो. पपईच्या पानांच्या रसाबद्दल बऱ्याच जणी विचारतात. माझं मत स्पष्ट आहे : उलट्या होणाऱ्या माणसाला तो कडू रस पाजण्यापेक्षा मिठासाखरेचं पाणी, पेज, ताक द्या. आणि गरोदर बाईला तर तो देऊच नका.

आणि देवापुढे साखर ठेवलीत ना, त्याबद्दल रागावत नाही, पण डेंग्यूत ताप उतरतो तेव्हाच खरी धोक्याची वेळ सुरू होते. चौथ्या दिवसापासून सातव्यापर्यंत. पोटात दुखणं, उलट्या न थांबणं, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, लघवी कमी होणं, हातपाय गार पडणं, विलक्षण अस्वस्थपणा किंवा गुंगी, यांतलं एक जरी दिसलं तरी कागदावर काय आलंय ते न बघता इस्पितळ गाठायचं. तुम्ही शनिवारी नेलंत म्हणून पोर वाचली. पहिल्या कागदावर विसंबून सोमवारपर्यंत थांबला असतात तर? मला तो विचारही करवत नाही.

नाजूक गोष्ट आहे, पण या पानावर आपण एकमेकींपासून काही लपवत नाही. झिका पुरुषाकडून बाईलाही लागतो. नवऱ्याला झिका झाला असेल किंवा साथीच्या गावाहून तो आला असेल, तर बायकोच्या गरोदरपणात शेवटपर्यंत निरोध वापरावा. मूल हवं असलेल्या जोडप्यानं, नवऱ्याला झिका होऊन गेला असेल तर, निदान तीन महिने थांबावं. सासूबाईंनी हे सुनेला सांगायला हरकत नाही. मुलाला सांगायला सासऱ्यांना पुढे करा.

डास कुठं होतो ते लिहिलं तर म्हणाल, हे आम्हाला पाठ आहे. तरी गणेशपुरीच्या बाईंना एक विचारलंच होतं : यात्रेकरूंच्या अंघोळीचं पाणी कशात साठवता? डेंग्यू-चिकनगुनिया-झिकाचा डास गटारात नाही, आपल्याच घरच्या स्वच्छ पाण्यात वाढतो आणि दिवसाढवळ्या चावतो. अंडी पाण्याच्या वरच्या कडेला भिंतीला चिकटतात, पाणी ओतून दिलं तरी ती महिनोन् महिने कोरडी टिकतात. म्हणून नुसतं पाणी ओतणं पुरेसं नाही, आतली कड काथ्यानं खसाखसा घासायला हवी. अंड्याचा डास व्हायला आठवडा-दीड आठवडा लागतो, त्यामुळे आठवड्यातून एकदा घासलं की झालं.

हे लिहून होतंय तोच त्यांचं दुसरं पत्र आलं. झिका रक्तातही नाही आणि लघवीतही नाही. डॉक्टरीणबाईंनी तरीही पुढच्या महिन्यात सोनोग्राफीला बोलावलंय. सून उठून बसते, तिला आंबट खावंसं वाटतं आणि सासूला ओरडायची हौस आली आहे म्हणे. पुढे लिहितात : “न्हाणीमागचं यात्रेकरूंचं पिंप उघडून पाहिलं ताई, वळवळ नुसती! शरमेनं मान खाली गेली. आता मुलगा आणि मी मिळून सगळी पिंपं घासतो, वर पातळाचं फडकं ताणून बांधतो. वार सोमवार ठेवलाय. माझा उपास असतो, स्वयंपाक कमी असतो.”